मदतपेटीशेजारी ढाल ठेवू नका

शाळेत मदतनिधी गोळा करायची वेळ वर्षातून एकदा तरी येतेच. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, कुठे पूर आलेला असतो, कधी आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांचं ऑपरेशन असतं. सूचना वही वर्गावर्गातून फिरते आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, "बक्षीस ठेवूया, म्हणजे मुलं जोरात आणतील." सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 27 वर्षं माध्यमिक शाळेत शिकवते आहे. त्यातली बरीच वर्षं हे वाक्य म्हणणारी मीच होते. आता आम्ही बक्षीस ठेवत नाही, आणि तरी पेटी भरते. ज्यांना आपल्या शाळेत असं करून बघायचं आहे त्यांच्यासाठी आमची पद्धत लिहिते आहे. आधी मात्र माझ्या हातून काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर यातल्या बारीकसारीक गोष्टी तुम्हाला उगाचच्या वाटतील.

ऑगस्ट 2019. कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला होता, सांगली-कोल्हापूरकडच्या बातम्या बघवत नव्हत्या. आम्ही ठरवलं की सगळ्यात जास्त निधी आणणाऱ्या वर्गाला फिरती ढाल द्यायची, आणि 500 रुपयांच्या वर देणाऱ्याचं नाव प्रार्थनेच्या वेळी वाचायचं. मी सातवी ब ची वर्गशिक्षिका होते. फळ्याच्या कोपऱ्यात मी रोजची रक्कम लिहायला लागले, कोणी किती आणले तेही. तिसऱ्या दिवशी आठवी अ मधल्या एका पालकांनी, ते बांधकामाची कंत्राटं घेतात, एकदम पाच हजार पाठवले. माझा वर्ग हिरमुसला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा 600 रुपये घेऊन आला, सगळ्या दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा. मी त्याला वर्गासमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

मधल्या सुट्टीत त्याची आई आली. "बाई, दुधाच्या पैशांचा डबा रिकामा केलाय यानं. शाळेसाठी नेलेत म्हणतोय. मारू का काय करू, तुम्हीच सांगा." मी माझ्या पर्समधून 600 रुपये काढले. ती घेईना. शेवटी घेतले, पण माझ्याकडे न बघता.

त्याच आठवड्यात एक मुलगी तीन दिवस आली नाही. वर्षभर तिचा खाडा नसायचा. तिच्या मैत्रिणीनं दबक्या आवाजात सांगितलं, "तिच्याकडं पैसे नाहीत बाई, म्हणून येत नाही."

ढाल आठवी अ ला मिळाली. ऑक्टोबरमध्ये मी वर्गात विचारलं, आपले पैसे कुठे गेले? 41 मुलांपैकी एकालाही सांगता आलं नाही. ढाल कोणाला मिळाली हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. आम्ही पालकांचे खिसे मोजले होते. दान मुलांनी केलंच नव्हतं, त्यांनी फक्त ने-आण केली होती.

बक्षिसानं निधी वाढतो का

मुख्याध्यापक पहिला प्रश्न हाच विचारतील, म्हणून उत्तर तयार ठेवा. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांचा इस्रायलमधला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. तिथे शाळकरी मुलं ठरलेल्या दिवशी घरोघर जाऊन संस्थांसाठी निधी मागतात. त्यांनी मुलांचे तीन गट केले. एका गटाला फक्त कामाचं महत्त्व समजावून सांगितलं. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या 1 टक्का, तिसऱ्याला 10 टक्के बक्षीस देऊ केलं, तेही प्रयोग करणाऱ्यांच्या खिशातून, निधीला हात न लावता. सगळ्यात जास्त पैसे जमवले ते काहीही न मिळणाऱ्या गटानं. 1 टक्कावाल्यांनी सगळ्यात कमी. 10 टक्केवाले त्यांच्यापेक्षा बरे, पण पहिल्या गटाच्या मागेच.

दुसरा प्रयोग तर वीस महिन्यांच्या बाळांवरचा आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी तो 2008 मध्ये मांडला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली की इतकी लहान मुलंसुद्धा आपणहून उचलून देतात. ज्यांना उचलून दिल्याबद्दल खेळणं मिळालं, ती मुलं पुढच्या वेळी इतरांपेक्षा कमी मदत करायला लागली. हे वाचल्यावर मला माझ्या त्या टाळ्या आठवल्या. मुलात जे आधीच होतं, त्यावर मी किंमत चिकटवली. आवळा देऊन कोहळा काढायचा हिशेब आम्हीच शिकवला, आणि नंतर "आजकालच्या मुलांना काही मिळाल्याशिवाय हलायला नको" म्हणून आम्हीच कुरकुरलो.

पाकीट प्रत्येकाचं, रिकामं असलं तरी

सगळ्या पद्धतीचा कणा हा आहे. कार्यानुभवाच्या तासाला जुन्या कागदांची, सगळ्यांची एकाच मापाची पाकिटं करून घ्या. नाव लिहायचं नाही. प्रत्येक मुलानं पाकीट घरी न्यायचं आणि प्रत्येकानं ते परत आणून पेटीत टाकायचं. आत पैसे असोत वा नसोत. रिकामं पाकीट हाताला पातळ लागतं आणि मुलांना ते लगेच कळतं. म्हणून आत एक घडी घातलेला कागद सगळ्यांनीच ठेवायचा: ज्यांना मदत जाणार आहे त्यांना दोन ओळी. ज्याच्या घरी त्या आठवड्यात खरंच काही नाही, त्याचं पाकीटही भरलेलंच असतं, आणि त्या दोन ओळी पुढे खरोखर पोचतात.

पेटी म्हणजे आमच्याकडे झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा आहे. पहिल्या वर्षी नाणी पडली की खणखणायची, आणि ज्याचं पाकीट वाजलं नाही त्याच्याकडे बाकीचे बघायचे. आता डब्याच्या तळाशी गोणपाटाचा तुकडा घालतो. पेटी वर्गात ठेवू नका, वर्गशिक्षकाच्या टेबलावर तर नकोच. आमची ग्रंथालयाच्या दाराशी असते. पाच दिवस ठेवायची, म्हणजे एकाच दिवशी रांग लागत नाही आणि कोण राहिलं हे कोणाला मोजता येत नाही.

घरी जाणारी सूचना अगदी साधी लिहा. "यथाशक्ती" हा शब्द आम्ही काढून टाकला, कारण शेजारच्याची शक्ती किती आणि आपली किती हा विचार तिथूनच सुरू होतो. आमची सूचना अशी असते:

"सोबत एक पाकीट दिले आहे. त्यात मुलाने स्वतःच्या साठवलेल्या किंवा कमावलेल्या पैशांतून काही ठेवायचे असल्यास ठेवावे. ठेवलेच पाहिजे असे नाही. पाकीट मात्र परत पाठवावे. कोणी किती दिले याची शाळा नोंद ठेवणार नाही. पालकांना स्वतंत्रपणे देणगी द्यायची असल्यास कार्यालयात द्यावी व पावती घ्यावी."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मोठी रक्कम मुलाच्या हातून येऊ देऊ नका. पालकांचं दान पालकांच्या नावानं, पावती पुस्तकातून, शक्यतो चेकनं घ्या. ते पैसे चांगल्या कामालाच जातात, त्याबद्दल पालकांचे आभारही माना. फक्त मुलांच्या पेटीत ते मिसळू नका.

कोणी पाकीट विसरलं तर वर्गात विचारायचं नाही, ग्रंथालयात जादा पाकिटं ठेवायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलांच्या मानसिक छळाला मनाई केली आहे. छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छडी येते. पैसे न आणणाऱ्याला उभं करणं, "तू एकटाच राहिलास" म्हणणं, हेही मी त्यातच धरते.

मोजायचं मुलांनी, जाहीर करायची एकच रक्कम

शनिवारी शाळा सुटायच्या आधीचा तास घ्या. दोन शिक्षक आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेली सहा मुलं बसवा. हुशार म्हणून निवडू नका, चिठ्ठीच टाका. आधी पत्रं बाजूला काढायची, मग पाचशेच्या किती, शंभरच्या किती, वीसच्या, दहाच्या, चिल्लर किती असा तक्ता मुलांनी फळ्यावर करायचा. दोनदा मोजायचं. खाली सगळ्यांच्या सह्या. रक्कम त्याच दिवशी कार्यालयात जमा करून किर्दीत नोंद घालायची आणि सोमवारी बँकेत भरायची. आठवीतल्या मुलांना व्यवहारी गणित यापेक्षा चांगलं शिकवता येतं असं मला वाटत नाही.

सोमवारी प्रार्थनेला सांगायचं ते शाळेची एकूण रक्कम आणि पत्रांची संख्या. वर्गवार आकडे काढायचेच नाहीत, काढून लपवायचे असंही नाही. पाकिटांवर वर्ग लिहिलेला नसतो, त्यामुळे ते निघूच शकत नाहीत.

पैसे जाणार कुठे हे आधी ठरलेलं असावं, आणि शक्यतो मुलांना विचारून. 2019 ला आम्ही निधीबरोबर जुने कपडेही पाठवले होते, पोत्यांनी. पुढच्या वर्षी शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेतल्या शिक्षकांशी ओळख झाली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, कपड्यांचे ढीग आमच्या व्हरांड्यात दोन महिने पडून होते. आम्हाला हव्या होत्या वह्या, आणि खोल्यांमधला चिखल काढायला फावडी." तेव्हापासून नियम केला: आधी विचारायचं. मुलांनी पत्र लिहायचं, "तुम्हाला काय लागतंय?" उत्तर आलं की ते सूचना फलकावर लावायचं आणि मगच पाकिटं वाटायची. यात आठवडा-दहा दिवस जातात. घरात पाणी शिरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी जे लागतं ते शाळा पुरवू शकत नाही, ते काम इतर लोक करतात. महिन्यानं गर्दी ओसरली की शाळेची गरज असते.

मुलाकडे स्वतःचं काय आहे?

पाकिटात आईनं घातलेले वीस रुपये गेले तर वाईट काही नाही. पण ते आईनं दिलेले असतात. मुलाकडे स्वतःचे हात आहेत आणि वेळ आहे.

स्काउट-गाइडमध्ये "खरी कमाई" आहेच. आपल्याकडे तिचा बाल आनंद मेळावा झाला आहे: आईनं रात्री जागून पन्नास भेळीची तयारी करायची, बाबांनी सामान आणायचं, आणि मुलानं टोपी घालून उभं राहायचं. मेळावा घ्या, पण हिशेबाचा कागद सक्तीचा करा. भांडवल किती, कोणाकडून उसनं घेतलं, विक्री किती, उसनं फेडून उरलं किती. सहावीतल्या दोन मुलींनी 180 रुपयांचं भांडवल घालून लिंबू सरबत विकलं, 310 रुपये आले, आईचे 180 परत दिले आणि 130 पेटीत टाकले. या 130 मध्ये आईचा एक पैसा नव्हता, आणि हे त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही. कोणाचा स्टॉल जास्त चालला याचा नंबर काढायचा मोह आवरा. तिथेच ढाल पुन्हा मागच्या दारानं येते.

माझ्या मनाला सगळ्यात भावलेला प्रकार मात्र मुष्टिफंड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालायला गावोगावच्या बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. आमच्या जिल्ह्यात दर 22 सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला, हे भाषणात सांगितलं जातं. एका वर्षी आम्ही भाषणाऐवजी ते केलंच. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलानं मूठभर धान्य आणायचं, चार आठवडे. 380 मुलांच्या एका वेळच्या मुठी साधारण 19 किलो भरल्या, महिन्याला 76. ते धान्य जवळच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेला दिलं. पैशापेक्षा मुठीचं मला जास्त पटतं, कारण कंत्राटदाराच्या मुलाची मूठ आणि शेतमजुराच्या मुलीची मूठ यात फरक किती असणार? तळेगावचा 1908 सालचा काच कारखाना उभा राहिला त्या पैसा फंडाची कल्पनाही हीच होती, माणशी वर्षाला एकच पैसा.

एक सूचना अनुभवाची. धान्य कोणतं ते आधी ठरवा. आम्ही पहिल्या आठवड्यात काहीही चालेल म्हटलं, आणि ज्वारी, तांदूळ, गहू, मूग एकत्र झालेलं पोतं निवडण्यात नववीचे दोन तास गेले. तेव्हापासून एका आठवड्याला ज्वारी, दुसऱ्याला तांदूळ. पोतं कोरड्या जागी फळीवर ठेवा आणि देण्याआधी एकदा ऊन दाखवा.

ध्वजदिन

याची अडचण वेगळी आहे. 1949 पासून 7 डिसेंबरला हा निधी गोळा होतो, सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी. आमच्या जिल्ह्यात घराघरातून माणसं सैन्यात गेली आहेत, त्यामुळे तो आम्हाला जवळचा. पण पैसे दिले की छातीवर लावायला ध्वज मिळतो, आणि वर्गात बघितलं की कोणाच्या छातीवर आहे आणि कोणाच्या नाही ते दिसतं. बक्षीस न ठेवताही ते बक्षीसच होतं. आम्ही पाकिटांच्या पेटीतून जमलेली रक्कम एकत्र भरतो आणि ध्वज सगळ्यांना लावतो. त्या दिवशी गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला बोलवा. भाषण नको, प्रश्नोत्तरं ठेवा. मुलं विचारतात तसे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. एकीनं विचारलं होतं, "काका, तुमचं पत्र यायला किती दिवस लागायचे?"

प्रमाणपत्र, गुण, नोंदी

इथे सहकाऱ्यांशी माझा वाद होतो, आणि तो मी टाळत नाही. दहावीला खेळाचे, चित्रकलेचे, लोककलेचे वाढीव गुण मिळतात, मग चांगुलपणाचे का नाहीत, असं ते म्हणतात. खेळात आणि चित्रात मुलाची मेहनत आणि कौशल्य मोजता येतं. पैशात घरची ऐपत मोजली जाते. त्यामुळे दिलेल्या पैशाला गुण नकोत, ग्रेड नको, प्रमाणपत्र नको.

सेवेचं थोडं वेगळं आहे. एखाद्या मुलानं वर्षभर दर शनिवारी गावच्या वाचनालयात पुस्तकं लावली असतील तर तसा दाखला जरूर द्या, पुढे कुठे अर्ज करताना त्याला उपयोगी पडेल. त्यात "दानशूर", "आदर्श" असले शब्द नकोत. काय काम केलं, किती तास, कुठे, एवढंच. आणि दाखला मिळणार हे आधी जाहीर करू नका, काम झाल्यावर द्या. वर्णनात्मक नोंदींमध्येही आपण सवयीनं "इतरांना मदत करतो" असं सगळ्यांना लिहून टाकतो. त्याऐवजी पाहिलेलं लिहा: "पाय मोडलेल्या मित्राचं दप्तर दीड महिना उचललं." हे लिहायला मुलांकडे बघावं लागतं, आणि 41 मुलांच्या वर्गात ते अवघड आहे, मला ठाऊक आहे. महिन्याला पाच-सहा मुलांबद्दल जरी असं लिहिलं तरी वर्षात सगळी होतात.

मग मुलांना काहीच द्यायचं नाही का? द्यायचं, आपलं पुढे काय झालं ते. ज्यांना मदत गेली त्यांचं पत्र, फोटो चालत असेल तर खोलीचा, वह्यांचा. मदत घेणाऱ्या मुलांना रांगेत उभं करून काढलेला फोटो मागू नका आणि कोणी पाठवला तर लावू नका. शेजारी खर्चाचा हिशेब लावा: इतक्या वह्या, इतक्या रुपयांना, दुकानाच्या बिलासकट. हा कागद आमच्याकडे जूनपर्यंत फलकावर असतो. मुलं मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर उभी राहतात, बोट ठेवून बेरीज तपासतात. मागच्या वर्षी पाचवीतल्या एकानं सात रुपयांची चूक काढली. आम्ही हिशेब दुरुस्त करून, त्या जागी नवा कागद लावला.

तरीही एखादं मूल व्हरांड्यात गाठतंच. "बाई, मी किती टाकले सांगू?" त्याला गप्प करू नका. त्याला कोणाला तरी सांगायचं आहे, त्यात गैर काही नाही. पूर्वी मी आकडा ऐकून शाब्बास म्हणायची. आता विचारते, "कुठून आणलेस?" मग लांबलचक गोष्ट निघते, आजीचे पाय चेपल्याचे दहा, गोठा साफ केल्याचे वीस, बैलपोळ्याला काकांनी दिलेले, ते सायकलच्या सीटसाठी ठेवले होते पण. मी सगळी ऐकून घेते. ते मूल नंतर आकडा सांगायचं विसरून वर्गात पळतं.